पिल्लांची हगवण: आधी वय सांगा, मग औषध विचारा



या आठवड्यात कुक्कुटपालनाच्या ग्रुपवर तीन फोटो आले. तिघांचा प्रश्न एकच: "पिल्लं पातळ हगून राहिली, कोणतं औषध देऊ?" एक पिल्लू ४ दिवसांचं, दुसरं १२ दिवसांचं, तिसरं २६ दिवसांचं. तिन्ही आजार वेगळे निघाले, आणि एकाला तर औषधाची गरजच नव्हती. म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे. आता वेळ नसेल तर संध्याकाळी वाचा, पण पूर्ण वाचा.

*चांगली विष्ठा कशी असते?*
करडी-तपकिरी, थोडी घट्ट, वर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, रोग नाही. शिवाय आठ-दहा वेळा हगल्यावर एकदा कॉफीच्या रंगाची, चिकट, खूप वास मारणारी विष्ठा पडते. तीही नेहमीचीच. ते पाहून दुकानात पळू नका.

*पहिला फोटो: ४ दिवस, शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळलेली*
याला जागा बंद होणं म्हणा. हगायची वाटच बंद झाली की पिल्लू फुगतं, ओरडतं आणि एक-दोन दिवसांत मरतं. कारण बहुतेक वेळा जंतू नसतात, थंडी असते. नाहीतर प्रवासात पिल्लू तहानलेलं राहिलेलं असतं.

कोमट पाण्यात कापूस भिजवून तो भाग आधी मऊ होऊ द्या, मग हळूच पुसा. ओढू नका, कातडी सोलून येते. कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट लावा आणि पिल्लू लगेच उबेला ठेवा. ओलं पिल्लू तसंच सोडलं तर केलेलं सगळं वाया. एक लक्षात ठेवा, पोटाखाली असते ती बेंबी. तिथली खपली काढू नका.

खरा इलाज मात्र ब्रूडरमध्ये आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पिल्लामागे २ वॅट धरा, म्हणजे १०० पिल्लांना २०० वॅट. *हे वॅट जुन्या पिवळ्या बल्बचे.* एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. वीजबिल वाचवायला एलईडी लावून पिल्लं गमावलेले सभासद आपल्याच कंपनीत आहेत. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहा. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असली तर उष्णता, सारखी पसरलेली असली तर बरोबर. रात्री लाइन गेली तर गरम पाण्याच्या कॅन पोत्यात गुंडाळून आत ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुरानं पिल्लंही जातात आणि माणसंही.

पिल्लं आल्या-आल्या लिटरभर उकळून थंड केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम गूळ, तेही पहिले काही तासच. गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर त्यानंच पोट सुटतं.

*दुसरा फोटो: १२ दिवस, चुन्यासारखी पांढरी हगवण, रोज दोन-तीन मर*
हा पुलोरम असू शकतो. साल्मोनेला जातीचा जंतू, आणि तो आईच्या अंड्यातूनच येतो. मर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढते. इथे मनानं अँटिबायोटिक देऊ नका. अर्धवट डोसानं मर थांबल्यासारखी वाटते, पण जंतू आतच राहतो. नुकतंच मेलेलं पिल्लू दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, तपासणी बिघडते.

आता कटू गोष्ट. पुलोरममधून वाचलेल्या कोंबड्यांची अंडी उबवायला ठेवू नका, गावात कुणाला द्यायचीही नाहीत. कोंबडी धडधाकट दिसते, पण रोग अंड्यातून पुढच्या पिल्लांत जातो. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणाऱ्या ताईंनी हे खास लक्षात घ्यावं. पुढची बॅच घेताना हॅचरीला विचारा, अंडी देणाऱ्या कळपाची पुलोरम तपासणी झाली आहे का. विचारायला लाजू नका, पैसे आपले आहेत.

*तिसरा फोटो: २६ दिवस, विष्ठेत रक्त*
कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान हाच रोग करतो. तो साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या वयात दिसतो. याचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओल्या, उबदार गादीत एक-दोन दिवसांत पुन्हा रोग करायच्या लायक होतात. म्हणून गळका ड्रिंकर हा या रोगाचा सख्खा भाऊ.

औषध अँप्रोलियम. २० टक्के पावडर असेल तर ३० ग्रॅमला २५ लिटर पाणी, ५ ते ७ दिवस. पाकिटावरची टक्केवारी वाचून घ्या, वेगळी असेल तर डॉक्टरांना विचारा. आजारी पक्षी खाणं सोडतो पण पाणी पितो, म्हणून औषध पाण्यातून. दुसरं पाणी शेडमध्ये ठेवू नका, औषधाचं पाणी रोज नवीन करा. *या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका.* अँप्रोलियम त्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. आपण वरून बी-१ दिलं तर औषध खाली बसलं समजा. ताकद यावी म्हणून अनेक जण नेमकं हेच करतात. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या.

ओली गादी काढून लांब पुरा, नवीन कोरडं तूस किंवा कुटार टाका. फिनाईलनं हे परजीवी मरत नाहीत. शेड रिकामं झाल्यावर कडक ऊन आणि फ्लेम गन हाच उपाय.

*खाण्यातलं दोन गोष्टींत*
सरकी ढेप पिल्लांना नाही. घरची, स्वस्त, सगळं खरं, पण तिच्यात गॉसिपॉल असतं आणि ते पिल्लांना बाधतं. बुरशी लागलेली मका उन्हात वाळवून देऊ नका, बुरशी मेली तरी विष तसंच राहतं. आणि फवारणीची बादली, मग, डबा पिल्लांच्या पाण्याला कधीच नाही. २०१७ च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यानं काय भोगलं ते सांगायला नको.

*हिरवी हगवण, मान वाकडी किंवा धाप* असेल तर राणीखेतचा संशय धरा. त्यावर औषध नाही, लसच. ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंब टाकायचा. एका दिवसात अचानक खूप मर झाली तर पक्षी कापू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते गाव आपल्यापासून फार लांब नाही. लगेच १९६२ वर फोन करा किंवा दवाखान्यात कळवा.

यापुढे ग्रुपवर फोटो टाकताना सोबत एवढं लिहा: पिल्लांचं वय, किती आणली, किती मेली, खाद्य कोणतं, कोणती लस झाली, आतापर्यंत काय दिलं. फोटो विष्ठेचा हवा, दिवसाच्या उजेडात, कागदावर घेतलेला. बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं.