गणगौरीची गाणी आणि जात्यावरील ओवी

लोकगीते लोप पावत आहेत, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, कोणते गीत लोपते व कोणते टिकते, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. जयपूरची गणगौर आणि महाराष्ट्रातील जात्यावरची ओवी यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चैत्र शुद्ध तृतीयेपर्यंत राजस्थानात कुमारिका व नवविवाहिता ईसर-गौरीची पूजा करतात. दूर्वा व पाणी आणताना, पूजा मांडताना समूहाने गाणी म्हटली जातात. गीताचा साचा परंपरेने ठरलेला असतो. त्यात घरच्या माणसांची नावे गुंफीत जावयाचे. अखेरीस जयपुरात गौरीची स्वारी राजवाड्यातून त्रिपोलिया दरवाजाने बाहेर पडते. तेथे वाद्यपथके व कलावंत असतात. घरी गाणारी स्त्री रस्त्यावर प्रेक्षक होते. तरीही घरातील गाणे टिकून आहे, कारण त्याला पंचांगाचा आधार आहे.

याच तृतीयेला महाराष्ट्रात चैत्रगौर बसते. परंतु मराठी स्त्रीचे नित्याचे गाणे सणाचे नव्हते. ते पहाटेच्या दळणाचे होते. दोघी जात्याला बसत, एकीची ओवी दुसरी उचलून धरी. खुंट्याच्या फेऱ्याने लय मिळे आणि त्या लयीत सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट असे स्वतःचे काही घालण्यास मोकळीक असे. पिठाची गिरणी आली आणि ते गाण्याचे निमित्तच सरले. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. 2017 पासून त्या ‘परी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. संग्रह झाला, नित्याचे गायन मात्र परतले नाही.

गिरणीने स्त्रीचे कष्ट वाचविले, हे निर्विवाद आहे. तथापि व्रताशी बांधलेले गीत टिकले आणि श्रमाशी बांधलेले श्रमाबरोबर गेले, या घटनेचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. व्रतगीतातील सौभाग्याची मागणी समाजाला मान्य असते. ओवीतील गाऱ्हाणे जात्याच्या घरघरीआड सांगितले जाई. म्हणजे टिकला तो संमत स्वर. उत्सवाच्या गर्दीवरून सामूहिक गायनाचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून हीच हानी निसटते. म्हणून गीत टिपताना ते कोणते काम करताना, कोणाबरोबर आणि कोणाच्या कानाआड गायिले जाई, याचीही नोंद व्हावयास हवी.