पाण्याची बाटली

बालाघाट

चि. पोरी,

काल फोनवर तुझा आवाज ओळखूच आला नाही. बैहरच्या शाळेत शिकवायला लागून दोन महिने झाले नाहीत आणि घसा बसला! ‘बोलून बोलून होतं गं मावशी’ म्हणालीस. पण दिवसभरात पाणी किती पितेस विचारलं, तेव्हा गप्प झालीस. ते गप्प बसणं मला कळतं.

मी शिकवायला लागले त्या पहिल्या शाळेत शौचालयाला कुलूप होतं, आत माध्यान्ह भोजनाची लाकडं. सकाळी घरून निघताना मी चहासुद्धा टाळायची. आधी आवाज गेला, मग लघवीला जळजळ, हुडहुडी भरून ताप. लाजेपायी डॉक्टरांनाही धड सांगितलं नाही. तीन वर्षं अशी काढली. तू तीन दिवसही काढू नकोस.

बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला 200 च्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. ओलावा कमी असला की त्यांच्यावर ताण वाढतो, आणि तरी ओरडत राहिलं तर ते सुजतात, गाठी धरू शकतात. कुजबुजूनही ताण पडू शकतो. तीन इयत्ता एका खोलीत घेतेस ना, मग घंटी जवळ ठेव. एका वर्गाला लिहायला बसव, दुसऱ्या वर्गाच्या जवळ जाऊन बोल. फळा ओल्या फडक्यानं पूस. तीन आठवड्यांत घसा सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, खडीसाखर चघळत बसायचं नाही.

अतिथी शिक्षिका म्हणून शौचालयाबद्दल तोंड उघडायची भीती वाटते, ठाऊक आहे मला. तर एकटी बोलू नकोस. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी शौचालयं आणि पिण्याचं पाणी प्रत्येक शाळेला सांगितलंय. शाला प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या बायका, हेही त्याच कायद्यात. त्या आयांपाशी बस. आपली पोर सुट्टी होईपर्यंत पाणी का पीत नाही, एवढंच विचार. पुढचं त्याच बोलतील. कडी, बादली, पाणी, असं ठरावात नेमकं लिहून घ्या, शाळा संकुलाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

तोवर शाळेजवळच्या एखाद्या घराशी ओळख कर. मधल्या सुट्टीत तिथं जाऊन येण्यात कसला आलाय कमीपणा?

रविवारी घरी ये. ठरावाचा कच्चा कागद आण, मी बघून देते.

तुझी मावशी