निवृत्त विमानाचा उर्वरित प्रवास

दिनांक 22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे बोइंग 747 विमान मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. त्यात प्रवासी नव्हते. कंपनीने ते विकले होते. 1971 साली ‘एम्परर अशोका’ या विमानाने एअर इंडियात जम्बो जेटचे आगमन झाले. त्या ताफ्यातील अखेरच्या काही विमानांपैकी हे एक. अशा निवृत्त विमानांचे पुढे काय होते, हा अभ्यासाचा विषय आहे.

विमानाचे आयुष्य केवळ वर्षांत मोजता येत नाही. उंचावर बाहेरची हवा विरळ असल्याने आत कृत्रिम दाब ठेवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे कवच किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. हजारो वेळा असे घडले की धातू थकतो आणि त्याला सूक्ष्म तडे जातात. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचे पुढचे छप्पर उड्डाणातच उडाले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमान एकोणीस वर्षांचे होते. परंतु बेटाबेटांतील छोट्या फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे 89 हजारांवर गेली होती.

काही विमाने मात्र धडधाकट असूनही निवृत्त होतात. 25 ऑक्टोबर 2007 रोजी सिंगापूर ते सिडनी हे एअरबस ए-380 चे पहिले प्रवासी उड्डाण झाले. तेच विमान दहा वर्षांनी भाडेकरार संपल्यावर परत गेले आणि दुसरा ग्राहक न मिळाल्याने फ्रान्समधील तार्ब येथे सुटे करण्यात आले. इंधनाचा खर्च, देखभालीचा भार आणि बाजारातील मागणी यांचा हिशेबही विमानाचे भवितव्य ठरवतो.

सेवेतून काढलेली विमाने बहुधा कोरड्या प्रदेशात ठेवतात. कॅलिफोर्नियातील मोहावी व व्हिक्टरव्हिल, स्पेनमधील तेरुएल आणि ऑस्ट्रेलियातील अॅलिस स्प्रिंग्ज ही अशी ठिकाणे होत. तेथील हवेत ओलावा कमी असल्याने धातू सावकाश गंजतो. इंजिनांची तोंडे व खिडक्या झाकल्या जातात. कोविडच्या काळात येथे विसावलेली अनेक विमाने पुन्हा सेवेत रुजू झाली. काहींच्या बाजूला मोठा दरवाजा कापून व तळ बळकट करून त्यांना मालवाहू केले जाते.

उरलेल्यांची मोडणी होते. प्रथम इंधन व तेले काढतात. मग सर्वांत मौल्यवान असलेली इंजिने उतरवतात. त्यानंतर चाकांची यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे निघतात. शेवटी सांगाडा कापून धातू वेगळे करतात. खनिजापासून अॅल्युमिनियम तयार करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेत जुने वितळवता येते. तथापि विमानातील काही मिश्रधातूंत तांबे, तर काहींत जस्त प्रमुख असते. ते एकत्र मिसळले की त्यातून पुन्हा विमानाच्या दर्जाचा धातू मिळवणे कठीण होते. नव्या विमानांतील कार्बन तंतूंचे भाग तर वितळतही नाहीत. त्यांचा पुनर्वापर हा आजही अवघड प्रश्न आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या व्यवहारातील एक गोष्ट विशेष मोलाची वाटावी. काढलेला भाग कितीही चकचकीत असला, तरी तो कोणत्या विमानात होता, किती उड्डाणे वापरला गेला आणि कोणी तपासला याची नोंद नसेल, तर तो दुसऱ्या विमानात बसवता येत नाही. ही कडक शिस्त अकारण नाही. 8 सप्टेंबर 1989 रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले एक जुने विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 55 जण मृत्युमुखी पडले. शेपटीचे उभे पाते जोडणारे काही बोल्ट निकृष्ट व बनावट असल्याचे तपासात आढळले.

कागदाला आपण पुष्कळदा क्षुल्लक मानतो. परंतु येथे एकाच आकाराच्या दोन बोल्टांपैकी कोणता विश्वासार्ह, हे त्याच्यासोबत आलेल्या खऱ्या नोंदीवरूनच कळते. ती नोंद प्रामाणिकपणे लिहिणारा कामगार त्या विमानात बसणाऱ्यांना कधी भेटत नाही. तरीही त्यांचे प्राण त्याच्या अक्षरावर विसंबून असतात.