परवान्यावरचे वाचन

पूर्वी ग्रंथालयात नियतकालिकाचे अंक येत आणि वर्षाअखेर बांधून कपाटात लागत. वर्गणी बंद पडली तरी ते खंड जागेवरच राहत, आणि गावातला कोणीही अभ्यासू वाचक ग्रंथपालांच्या संमतीने तिथे बसून ते वाचू शके. डेटाबेसचे तसे नाही. इथे ग्रंथालय बहुधा लेख विकत घेत नाही. ठरावीक मुदतीपुरती, ठरावीक वाचकांना ते दाखवण्याची परवानगी घेते. हे वाचक कोण, ते करारात लिहिलेले असते: विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी. निवृत्त शिक्षक, प्रबंध पूर्ण करून बाहेर पडलेला संशोधक, स्वतंत्र लेखक पुष्कळदा या व्याख्येत बसत नाहीत.

कॉपीराइट आणि लायसन्स यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. पहिला कायदा, दुसरा करार. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 खासगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी उचित वापराची मुभा देते. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात 2016 मध्ये उच्च न्यायालयाने अभ्याससंचांच्या छायाप्रतींची बाजू उचलून धरली, तीही याच कलमाच्या आधारे. डेटाबेस वापरताना मात्र संस्थेने सही केलेला करारही पाळावा लागतो, आणि त्याच्या अटी अधिक कडक असू शकतात. स्वतःच्या टिपणांसाठी लेख उतरवून घेणे सहसा चालते. तोच लेख व्हॉट्सॲप गटावर टाकणे, पासवर्ड मित्राला देणे, अंकामागून अंक उतरवत सुटणे चालत नाही. या शेवटच्या उद्योगामुळे एकापायी सगळ्या संस्थेचा प्रवेश थांबवला जाऊ शकतो. वर्गाला लेख वाचायला सांगताना फाइलऐवजी दुवा द्यावा, हे त्यातल्या त्यात निर्धोक.

1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून केंद्र व राज्य सरकारांच्या शिक्षणसंस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके खुली झाली. इंदूर, वडोदरा, बेळगाव येथील सरकारी विद्यापीठांतल्या आपल्या विद्यार्थ्यांची यात सोय आहे. मराठी नियतकालिकांची अपेक्षा मात्र तिथे ठेवू नये.

संस्थेचे ओळखपत्र नसलेल्यांसाठीही काही दारे उघडी आहेत. ‘शोधगंगा’वरील प्रबंध आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थचा कोश विनामूल्य वाचता येतो, ‘जेस्टोर’वर वैयक्तिक खाते काढले तर काही लेख पडद्यावर वाचायला मिळतात. शिवाय अनेक करारांत एक कलम असते, ज्याची कोणी सहसा चौकशी करत नाही: ग्रंथालयात प्रत्यक्ष येणाऱ्या बाहेरच्या वाचकाला तिथल्या संगणकावर वाचू देण्याचे. आपल्या महाविद्यालयाच्या करारात ते आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी मराठी विभागाने तशी लेखी मागणी करावी.