ग्रंथालयाच्या कार्डावर परभाषा
अमेरिकेत अनेक सार्वजनिक ग्रंथालये 'मँगो लँग्वेजेस' या ऑनलाइन अभ्यासक्रमाची वर्गणी स्वतः भरतात. वाचकाने आपल्या कार्डाचा क्रमांक घालावयाचा आणि घरबसल्या 70 हून अधिक भाषांपैकी हवी ती शिकावयाची. वाक्य व त्याचा अर्थ यांतील जुळणारे शब्द एकाच रंगात दिसतात; शब्दांचा क्रम कोठे बदलला ते चटकन उमगते. आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून मूळ उच्चाराशी ताडता येतो. लाजाळू विद्यार्थ्याला याचे मोल विचारा!

स्पॅनिश किंवा चिनी भाषकाला स्वभाषेतून इंग्रजी शिकता येते, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रात्री कामावरून परतणाऱ्या, फी न परवडणाऱ्या माणसाला एरवी वर्ग कोठला? मात्र अशा पाठांत समोरचा माणूस नसतो. त्यासाठी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात चालतात तसे इंग्रजीचे मोफत वर्ग जोडीला हवेत.