विभाजनांचे कोडे

तमिळनाडूतील कुंभकोणम् या देवळांच्या गावी, सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे घर आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांचे बालपण या घरात गेले. त्यांचे वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. गणितावाचून अन्य विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे गावच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती रामानुजन यांना गमवावी लागली. २००३ साली सास्त्रा विद्यापीठाने हे घर विकत घेतले. रामानुजन यांनी मागे ठेवलेल्या प्रश्नांपैकी काही मात्र आजही सुटलेले नाहीत. त्यांतील एकाचा परिचय येथे करून घेऊ.

चार ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारे मांडता येईल? ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे. यांना चारची विभाजने म्हणतात. दहाची विभाजने ४२ होतात, तर शंभरची १९,०५,६९,२९२! या झपाट्याने वाढणाऱ्या संख्यांत काही शिस्त असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही.

पण पर्सी मॅकमॅहन यांनी तयार केलेले विभाजनांचे कोष्टक पाहताना रामानुजन यांना ती शिस्त दिसली. ज्या संख्येच्या शेवटी ४ किंवा ९ हा अंक असतो, तिच्या विभाजनांच्या संख्येला पाचाने निःशेष भाग जातो. चारची विभाजने ५, नऊची ३०, चौदाची १३५. सात आणि अकरा यांविषयीही असेच नियम त्यांनी शोधले.

नियम सिद्ध झाले, तरी असे का घडावे, हा प्रश्न उरलाच. १९४४ साली केंब्रिजचे तरुण विद्यार्थी फ्रीमन डायसन यांनी एक सोपी युक्ती सुचविली. विभाजनातील सर्वांत मोठ्या पदातून पदांची एकूण संख्या वजा करावी. चारच्या विभाजनांसाठी अनुक्रमे ३, १, ०, -१ आणि -३ ही उत्तरे येतात. त्यांना पाचाने भागल्यास ३, १, ०, ४, २ अशा पाचही बाक्या एकेकदा मिळतात; म्हणजेच विभाजनांचे पाच समान गट पडतात. ही युक्ती पाच व सात यांना लागू पडते. अकराला पडत नाही. अकराची उकल जॉर्ज अँड्रूज आणि फ्रँक गार्व्हन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. पुढे २००० साली केन ओनो यांनी दाखवून दिले की, तीनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येसाठी अशा प्रकारचे नियम अस्तित्वात आहेत.

राहिल्या दोन आणि तीन या सर्वांत लहान मूळ संख्या. आणि नेमकी तेथेच गणितज्ञांची वाट अडते. विभाजनांची संख्या सम कधी असते व विषम कधी? दोन्ही प्रकार अनंत वेळा आढळतात, हे १९५९ साली सिद्ध झाले. संगणकाने केलेल्या मोजणीत त्यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे दिसते. तथापि कितीही लांबवर केलेली मोजणी म्हणजे सिद्धता नव्हे. कोष्टकात दिसलेली शिस्त अखेरपर्यंत टिकते, हे रामानुजन यांनी पाचाच्या बाबतीत सिद्ध करून दाखविले. दोनाच्या बाबतीत ते काम अद्याप कोणाच्याही हातून झालेले नाही.