आंतरजालावरील कोशसाधने आणि मराठीचा वर्ग : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

मराठीच्या अध्यापनास साहाय्यभूत होणारी साधने आंतरजालावर आज विपुल आहेत. त्यांची चर्चा मात्र बहुधा संख्येच्या अंगाने होते. भाषेच्या शिक्षकापुढील प्रश्न त्याहून वेगळा आहे. विद्यार्थ्याच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची प्रमाण भाषा यांत अंतर असते, तेव्हा ही साधने कोणाची बाजू बळकट करतात, हा तो प्रश्न होय. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या प्रदेशात कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी अशा विविध समाजांच्या बोली शेजारीशेजारी नांदतात. अशा वर्गात विद्यार्थ्याने उच्चारलेला शब्द शिक्षकास अपरिचित असेल, तर तो 'अशुद्ध' ठरण्याचा संभव असतो. एकदा शब्द खोडला गेला की मूल पुढे बोलेनासे होते. म्हणजे प्रश्न केवळ शब्दसंग्रहाचा नसून मुलाच्या वर्गातील अस्तित्वाचा आहे.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकीय प्रतींच्या रूपाने उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या मंचावरील पूरक साहित्य पुस्तकातील क्यूआर कोडच्या द्वारे पाहता येते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अशा वेळी मोबाईलमध्ये साठवलेले पुस्तक मुलाबरोबर जाऊ शकते, ही सोय लहान नव्हे. तथापि या साहित्याचा प्रवाह एकाच दिशेने, म्हणजे प्रमाण भाषेकडून वाडीकडे, वाहतो. उलट दिशेच्या प्रवासासाठी शिक्षकाने कोशसाधनांकडे वळले पाहिजे.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे प्रभृतींनी संपादिलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' शोधसुविधेसह विनामूल्य उपलब्ध आहेत. 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर तर अनेक मराठी कोशांत एकाच वेळी शोध घेता येतो. यांचा वर्गातील उपयोग 'राब' या शब्दाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. देशावरून आलेल्या शिक्षकाला 'राबणे' म्हणजे कष्ट करणे एवढेच ठाऊक असण्याची शक्यता आहे. कर्जतच्या भातशेतकऱ्याच्या मुलाला मात्र 'राब' म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून ती भाजणे, हे प्रत्यक्ष पाहून माहीत असते. निबंधात त्याने 'राब भाजला' असे लिहिले, तर ती चूक नव्हे. कोश त्याची साक्ष देतो. 'महाराष्ट्र शब्दकोश' प्रांतिक शब्दांपुढे त्यांच्या प्रदेशाचे संक्षेप देतो, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. शब्द कोठला, हे त्यावरून सांगता येते. तो हीन आहे असे त्यावरून ठरत नाही.

लिखित कोशांना उच्चार दाखवता येत नाहीत. ती उणीव राज्य मराठी विकास संस्था व डेक्कन कॉलेज यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. या सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या भाषकांची ध्वनिमुद्रणे ऐकावयास मिळतात. त्याच्या जोडीला ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) ठेवता येईल. त्यात ठाकरी, कातकरी, आगरी या बोलींचा समावेश असून नमुन्यांसाठी प्रामुख्याने बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा वापरलेली आहे. एकच कथा निरनिराळ्या बोलींत वाचणे, हा क्रियापदांच्या रूपांचा उत्तम पाठ ठरू शकतो. हे नमुने प्रशासनाच्या यंत्रणेमार्फत जमवले गेले होते, याची जाणीव मात्र शिक्षकाने ठेवावी.

स्थानिक संदर्भ शोधताना एक अडचण येते. रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे. त्यापूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. म्हणून शिक्षक साहजिकच १८८३ चे कुलाबा गॅझेटिअर उघडतो आणि निराश होतो. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते व खालापूर हा त्याचा पेटा होता. तेव्हा १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या अंकीय प्रतीत शोध घेणे आवश्यक ठरते. त्यातील कातकऱ्यांचे वर्णन तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या पूर्वग्रहांनी रंगलेले आहे. ते वरच्या वर्गांत वाचावयाचे असल्यास माहिती म्हणून नव्हे, तर चिकित्सेचा विषय म्हणूनच वाचावे.

डोंगरालगतच्या ज्या वाड्यांत मोबाईलची रेंज पोचत नाही, तेथे ही साधने निरुपयोगी ठरतात असे नाही. लागणाऱ्या नोंदी तालुक्याच्या गावी उतरवून घेऊन, छापून किंवा फळ्यावर लिहून वापरता येतात. त्यांचा उपयोग शिक्षकाच्या पूर्वतयारीत अधिक आहे. पडद्यासमोर मुलांना बसविण्याची गरज नाही.

मात्र कोशात न सापडणाऱ्या शब्दाचे काय, हा प्रश्न उरतो. कोशकारांचे कान सर्वत्र पोचले नव्हते. त्यामुळे नोंद नसणे हा शब्द नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. असा शब्द, त्याचा अर्थ, तो सांगणाऱ्याचे गाव आणि वापराचे एक वाक्य अशी नोंद विद्यार्थ्यांकडून वहीत करून घ्यावी. कोश तपासणारा वर्ग अशा रीतीने कोशात भर घालणारा वर्ग होऊ शकेल. आंतरजालावरील साधनांचे भाषाशिक्षणातील खरे मोल, वाडीवरच्या मुलाचा शब्द खोडण्यापूर्वी शिक्षकाचा हात ती थांबवतात की नाही, यावरूनच ठरवावे लागेल.